दुसरा बार

नळी तीनदा बघितली. रिकामी.
तशी ती कायमच रिकामी होती.
शाळेचं पिस्तूल; त्यातून गोळी कधी सुटली नाही,
सुटल्या त्या पोरी.

एरंडोल, मे महिना, दुपारचे दोन, लाईट गेलेली.
गच्चीवर पत्र्याखाली जुना पेपर अंथरून
मी बडगुजर सरांचं पिस्तूल सुटं करतेय.
(सर म्हणजे माझे वडील. शाळेत सहा वर्षं सर म्हटलं,
घरीही ती सवय मोडली नाही.)
शाळेनं नवं यंत्र आणलं, बटण दाबलं की टूँ करतं,
आणि हे त्यांना निरोपाच्या नारळासोबत देऊन टाकलं,
भंगाराच्या वहीत सही घेऊन.

जळगावला एमआयडीसीत मी रोज कूलरच्या बॉड्या रंगवते,
खिडक्यांचे गज, कपाटं, एकदा एक पाळणा.
हाताला माहीत आहे: आधी तेल काढायचं,
मग गंज, मग परत तेल,
आपल्याच बोटांचं.
त्यानंतर उघड्या हातानं शिवायचं नाही.
सोवळ्यात असतं लोखंड.

चारशे नंबरचा पॉलिश पेपर. लाल पाणी, काळं पाणी,
आणि खालून निघालेलं करडं, कोवळं काहीतरी,
तव्याची पाठ घासल्यावर निघतं तसं.
मुठीच्या वर एक जागा मात्र आधीच पांढरी होती,
अंगठ्याएवढी.
एकतीस वर्षं तिथे सरांचा घाम मुरला.
उजवा कानही त्याच एकतीस वर्षांत गेला.

त्या जागेवर मी टेप लावली.
का, ते नीट सांगता येत नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धा, अमळनेर, दोनशे मीटर, सहावी लेन.
घड्याळवाले धूर बघतात, पळणारे आवाज ऐकतात.
मी मान तिरकी करून धूर बघितला.
हे कोणाला सांगितलेलं नाही.
धूर आधी पोचतो,
पापणी लवायच्या आत, पण आधी.
पंधरा पावलं गेले असेन, मागून दुसरा बार.
दुसरा बार म्हणजे परत या.
सरांनी लाल झेंडी माझ्या लेनसमोर धरली
आणि वहीत लिहिलं: एकशे चौदा.
नाव नाही.
येताना एसटीत शेंगा घेऊन दिल्या.
धरणगावपर्यंत फक्त टरफलं बोलत होती.

राखाडी-काळा रंग, पातळ, दोन हात.
तुकडे तारेला टांगले, कपडे वाळत घालायच्या दोरीवर,
सरांचा बनियन आणि घोडा शेजारी शेजारी.
शेचाळीस डिग्री; निम्मं काम उन्हानंच केलं.
लाईट आल्यावर उरलेलं आईच्या गोल ओव्हनमध्ये.
वासानं आई पदर नाकाला लावून वर आली,
म्हणाली, याच्यात आता नानकटाई होणार नाही.
मी म्हटलं, नवा आणून देते.
म्हणाली, तो नवा असेल.

जोडलं तर घोडा अडकला.
माझीच चूक, कूलरला चालतं ते इथे चालत नाही,
इथे केसाएवढ्या जागेत सगळं फिरतं.
ब्लेडनं खरवडत बसले.
सर जिन्यात उभे होते. कधीचे, कोण जाणे.
"जाडा रंग लाया तू."

मग हातात घेतलं.
वजन केलं, कांदे घेताना करतात तसं.
अंगठा आपसूक त्या उघड्या जागेवर गेला
आणि थांबला.
"आठे नही लाया?"
राहू दिलं, म्हटलं.

त्यांनी ते डाव्या कानाशी नेलं, चाप ओढला.
टक्.
परत ओढला. टक्.
दोरीवरचा बनियन उगीच हलला.
खाली गल्लीत कुणाचा तरी पाण्याचा टँकर आला होता,
बायका हंडे घेऊन धावत होत्या.
सर त्यांच्याकडे बघत राहिले, जरा वेळ, सवयीनं,
मग माझ्याकडे न वळता म्हणाले,
"तू धूर देखी राह्यनी व्हती."

मी हो म्हटलं.
उजव्या बाजूनं.